वारं लागेल म्हणून

देवमनच्या लेकीच्या, रुपाच्या, चेहऱ्यावरची लाली पाहायला अर्धं कारंजा त्याच्या अंगणात लोटलं होतं. बायका डोळ्यांना पदर लावून आत जात आणि हात जोडून बाहेर येत.

"गाल पाह्य वं तिचे! झोपली हाये असंच वाटते."

"मेल्या मानसाले असं तेज असते काय कुठं?"

उंबऱ्याशी धूम्रहरी महाराज उभा होता. "रोगानं गेली असती तर पांढरी पडली असती. ही गेली नाही, मातेनं निवडून नेली!"

भिंतीला टेकून बसलेला देवमन ऐकत होता. छप्पन सालापासून त्याच्या घरात देव नव्हता. धम्म घेतला त्या दिवशी त्यानं आपल्या हातानं देव्हारा उतरवला होता. पण आज त्याला वाटत होतं, हे खरं असावं. मातेनं नेली असेल, तर बाजेखाली शेगडी ठेवणारा हात आपला नव्हे.

त्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात, घासलेटसाठी रांगा लागत होत्या आणि जळतण महाग झालं होतं. सरकारनं बिनधुराच्या चुलीची योजना काढली होती. चुलीला पत्र्याचं धुराडं, निम्म्या किमतीची सूट. अट एकच, भिंतीला भोक पाडायचं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई लिलाबाई स्वतः अर्ज घेऊन आल्या होत्या.

"देवमनदादा, पोरगी दिवसात आहे, तिचा खोकला ऐकता ना? अंगठा द्या इथं."

देवमनची बायको दुर्गाबाई मधे पडली होती. "बाळंतिनीच्या खोलीले भोक पाडू काय बाई? वारं लागलं म्हंजे?"

अर्ज आढ्यात खोचला गेला तो तिथंच राहिला.

मग महाराज आला. बैलगाडीभर मातीच्या झाकणवाल्या शेगड्या आणि पोतंभर गेरूरंगाच्या, शेगडीत जाळायच्या गोळ्या. त्यानं चौकात शेगडी पेटवली, वर पांढरं धोतर धरलं. धोतर पांढरंच राहिलं.

"दाखवा धूर! सरकार देते निम्मी सूट, मी देतो पुरी सूट! डोळ्याच्या पाण्यापासून सूट, खोकल्यापासून सूट! फक्त दार-खिडकी बंद ठेवा, नाही तर गोळीची शक्ती उडून जाते."

प्रत्येक घरासाठी त्याच्याकडं निराळी बोली होती. भागचंद शेठच्या प्रेमाबाईला म्हणाला, "मांसाहेब, ही अहिंसेची शेगडी. हिला धूरच नाही, चिलटही मरत नाही." देवमनला म्हणाला, "तुमी देव मानत नाही ना? नका मानू. हे सायन्स आहे."

भोक पाडायचं नाही, वारं लागायचं नाही. दुर्गाबाईला पटलं. देवमननं शेगडी आणली, खिडकीत पोतं कोंबलं.

रुपा बाळंत झाल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी दुर्गाबाई नातीला तेल लावायला उन्हात घेऊन बसली. आत रुपा शेक घेत निजली होती, दार लोटलेलं होतं. बाळ भुकेनं रडायला लागलं तेव्हा ती आत गेली. रुपाला हाक मारली, हलवलं. रुपा उठली नाही. तिला सगळ्यातूनच सूट मिळाली होती.

लिलाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. रुपाचे गाल पाहिले, नखं पाहिली. मग बाजेखालच्या शेगडीशेजारची एक गोळी उचलून विळ्यानं खरवडली. गेरू उडाला आणि आतून काळं निघालं.

"हा कोळसा आहे," त्या म्हणाल्या. "फुललेल्या कोळशाले धूर नसते, म्हणून धोतर काळं झालं नाही. पण कोंडलेल्या खोलीत त्याचा विषारी गॅस होते. दिसत नाही, वास येत नाही. रक्तात हवेची जागा तोच घेते. माणूस झोपेतच जाते. आणि गालावरची ही लाली त्या गॅसचीच खूण आहे. तेज नाही हे."

"सोनार रोज कोळसा फुकते, तो मरते काय?" महाराज हसला.

"त्याचं दुकान रस्त्यावर उघडं असते. तुमी असं करा महाराज, हीच शेगडी घेऊन आत बसा. दार मी लावते."

महाराज आत गेला नाही. "अविश्वासाच्या घरात मी पाय ठेवत नाही," म्हणत तो चपला शोधू लागला. तरी गर्दीतून आवाज आलाच, "साधूची परीक्षा घेते ही बाई!"

प्रेमाबाई मात्र पांढरीफटक पडली होती. तिची सून बाळंत होऊन आठच दिवस झाले होते. घरी दार बंद होतं आणि बाजेखाली शेगडी.

"देवमनदादा, तुमीच सांगा," ती म्हणाली. "मातेनं नेली का या गोळीनं?"

सगळे त्याच्याकडं पाहू लागले. मातेचं नाव घेतलं असतं तर त्याला जन्मभर झोप लागली असती. देवमन भिंतीला धरून उठला.

"माता-गिता कोनी नाई आली. शेगडी म्या ठेवली. पोतं म्या कोंबलं." तो ओरडला. "पळा प्रेमाबाई! पयले दार उघडा!"

प्रेमाबाई अनवाणी धावली. सून डोकं धरून ओकत होती. तिला आणि बाळाला उचलून अंगणात आणलं, आणि दोघं वाचली. महाराजाची गाडी लोकांनी कामरगावच्या रस्त्यावर अडवली. पोत्यांत गेरू होता आणि कोळशाचा चुरा.

रुपाला पोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी देवमननं पहार घेतली आणि त्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलं. आढ्यातला अर्ज काढून त्यावर अंगठा दिला.

लोकहो, धूर निदान डोळ्याला झोंबतो, सांगून येतो. न दिसणाऱ्या गोष्टीची हमी जो देतो, त्याची गोळी आधी खरवडून पाहा. खरवडू देत नसेल, तर तिथंच ओळखा. विचारणं हे पाप नाही. देवमननं विचारलं नाही, एवढंच त्याचं चुकलं.

भोकातून उन्हाची तिरीप आत आली. दुर्गाबाई नातीला मांडीवर घेऊन तिथंच बसली होती.

"बाजूले सरक वं," शेजारीण म्हणाली. "लेकराले वारं लागन."

"लागू दे माय," दुर्गाबाई म्हणाली. "तिच्या मायले लागलं नाई."