उजाड नसलेला माळ

आमदार यायला तासच उरला होता. माळावर मंडप उभा राहिला होता, रोपांचा टेम्पो आला होता आणि खड्डे काढायला जेसीबीही. "उजाड माळ हिरवागार करू," या एका वाक्यावर दिग्विजयनं सरपंचपद जिंकलं होतं.

जेसीबीवाला ओरडला, "सरपंच, तुमच्या ताई आडव्या आल्यात की!"

ऋतुजा त्याची थोरली बहीण, सोलापूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. गुडघाभर गवतात ती यंत्रासमोर उभी होती.

"ताई, बाजूला हो. लोक बघाय लागलेत."

"हा माळ उजाड न्हाय, दिगू. गवताचं रान हाय हे."

"मग झाडं का नकोत, ते एका वाक्यात सांग. लोकांना कळंल असं."

"एका वाक्यात बसत न्हाय रे."

तिनं त्याचं मनगट धरून त्याला चार पावलं नेलं आणि एकदम मागं खेचलं. त्याच्या बुटापुढं उघड्या मातीवर ठिपक्यांची दोन अंडी होती. लांब पायांचा एक पक्षी जिवाच्या आकांतानं येरझारा घालत होता.

"धाविक पक्षी हाय, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. झाडं झाली की त्यांच्यावर घारी, कावळे बसणार, अंडी टिपणार. दाट सावलीत गवत मरणार. गवत गेलं की पाखरं खातात ते टोळ जाणार, मेंढरांचा चारा जाणार. पण झाडं वाईट हायत असंबी न्हाय. तीच तर अडचण हाय."

दिग्विजयला राग आला. तिचं म्हणणं पटलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

भोवती गर्दी जमली. थांबलेला जेसीबी बघून विरोधी गटाचा मानसिंग पुढं आला. "सरपंच फिरला रं! बहिणीनं शिकवलं!" मागून एक ढेकूळ आलं आणि ऋतुजाच्या खांद्यावर फुटलं.

"कोन हाय त्यो?" दिग्विजय गरजला.

मेंढरं राखणाऱ्या सोजरबाई म्हणाल्या, "दोन अंड्यांपायी आमच्या नातवंडांना सावली नको व्हय?"

प्रश्न खोटा नव्हता. दिग्विजयनं माइक घेतला. त्याला धड बोलता येईना. गवत, टोळ, चारा, सावली, सगळं एकमेकांत गुंतत गेलं. लोक कुजबुजले, काही हसले. शेवटी तो म्हणाला, "मी तुमाला अर्धंच सांगितलं हुतं. मलाच पुरतं ठावं नव्हतं. रोपं शाळेपाशी, विहिरीच्या वाटेनं लावू. हितं खड्डा पडणार न्हाय."

आमदार आले, पण झालेलं कळल्यावर गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून म्हणाले, "सोपं काम दिलं होतं तुला," आणि गाडी वळली.

दिवाळीनंतर अविश्वास ठराव आला आणि मंजूर झाला. गावात, बाजारात लोक तोंडावर विचारायचे, "काय, अंडी उबली का?" दिग्विजय मान खाली घालून पुढं जायचा. रात्री ऋतुजाला फोन करून दोनदा भांडलाही.

पुढच्या पावसाळ्यात मानसिंगनं, म्हणजे नव्या सरपंचानं, ग्रामसभेत माळावरच्या झाडांचा विषय काढला. दिग्विजय मागं बसला होता. तो उठणार, तोच सोजरबाई उठल्या.

"झाडं लावा. पर आदी सांगा, माझ्या मेंढरांनी कुटं चरायचं?"

"लई सोपं हाय, मावशी..." मानसिंग म्हणाला.

"सोपं आसंल तर सांगा की."

मग आणखी दोघं उठले. कुणी सावलीची बाजू घेतली, कुणी चाऱ्याची. दिवेलागणीपर्यंत सभा भांडत राहिली आणि त्या दिवशी ठराव झालाच नाही.