दुप्पट होत जाणारे सूर

माझे बाबा, कडूबा, चाळीस वर्षं मोताळ्याच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना बहिरं म्हणायची कोणाची टाप? मी मात्र तसं म्हणाले. आठ दिवस अबोला धरला त्यांनी. "पेटीचा सूर जरासा हलला तरी मले कळते, अन् तू मले बहिरा ठरवून राह्यली?" हट्टी माणूस. आणि मी त्यांचीच लेक.

मला खरी काळजी छकुलीची होती. माझं कंपनीचं काम घरूनच चालतं, म्हणून आम्ही मायलेकी बाबांजवळच राहतो. पाच वर्षांची पोर मागून हाका मारायची आणि बाबा वळायचेच नाहीत. शेवटी ती त्यांच्याजवळ जायचीच थांबली. "आबा माह्यावर रागावले," म्हणाली.

डॉक्टरकडे यायला ते तयार नव्हते, म्हणून मी चक्क थाप मारली. म्हटलं, पेटी सुरात लावायचा प्रोग्राम लिहिलाय, तपासून द्या. लॅपटॉप एकेक सूर वाजवणार, ऐकू आला की त्यांनी बोट वर करायचं. सेकंदाला अडीचशे कंपनांपासून आठ हजारांपर्यंत, दर सुराला अडीचशेची भर.

चार सूर झाले आणि त्यांनी हात झटकला. "पह्यले सप्तकभर उडी, मंग लहान, मंग आणखी लहान. हे काय चढणं हाये? सूर बेरजेनं नाही चढत पोरी, पटीनं चढते. वरचा सा खालच्याच्या दुप्पट."

अकरा वर्षं कोड लिहिते मी, आणि चूक काढली पेटीवाल्यानं! निमूटपणे बेरीज खोडून गुणाकार टाकला. एका सप्तकात किती सूर, हा आकडा वेगळा ठेवला, म्हणजे हवं तिथे ते दाट करता येतील. आधी तीन ठेवले.

बाबा खूश झाले. प्रत्येक सुराला बोट वर. दोन हजारांच्या पुढे मात्र बोट खालीच. तेवढ्या भागात मी सप्तकाला तिनाचे बारा सूर केले आणि पुन्हा हळूहळू वर गेले. एका सुरानंतर ते वाट बघत बसले.

"लाव ना पुढचा. काऊन थांबली?"

सूर वाजतच होता. दारातल्या छकुलीनं दोन्ही कानांवर हात दाबले होते. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता थाप कशाला लपवायची? सगळं सांगून टाकलं. पोरीचा आवाज बारीक, मागून मारलेली हाक तुमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि तिला वाटतं तुम्ही रागावलात.

चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेटी बाजूला सारली आणि छकुलीला मांडीवर घेतलं.

"म्या रागावलो नव्हतो माय. मले ऐकूच आलं नाही."

मग खाली बघतच त्यांनी मला विचारलं, बुलढाण्याला डॉक्टरकडे कधी जायचं. मला रडूच आलं.

कानाचं यंत्र यायला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर छकुलीनं स्वतःच युक्ती काढलीय. आधी समोर जाऊन आबांचं बोट धरते, मग हाक मारते. ते तर बोट धरल्याबरोबरच म्हणतात, "हाव माय, बोल."