गरम झाली की

मेकॅनिकने फडका पाण्यात बुचकळला, अर्धवट पिळला आणि बॉनेटखाली खांद्यापर्यंत हात घालून इंजिनाच्या बुडाशी कुठेतरी दाबून धरला. थोडी वाफ वर आली.

"थांबा जरा. ताप उतरू दे त्याचा."

स्टिअरिंगवर बसलेला गृहस्थ विमा कंपनीचा सर्वेक्षक होता. ठोकलेली गाडी बघून चूक कोणाची हे ठरवायचं, हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ही गाडी मात्र वडिलांची. ती विकायला म्हणून तो गिऱ्हाइकाकडे निघाला आणि चौकाचौकात बंद पडत गेला. मागच्या टेम्पोवाल्याने त्याच्या ड्रायव्हिंगविषयी मोकळेपणाने मत दिलं. दोष गाडीचाच आहे, याबद्दल सर्वेक्षकाला तेव्हा तिळमात्र शंका आली नव्हती.

"आता सेल्फ मारा."

गाडी सुरू झाली. काही घडलंच नव्हतं अशी.

"सापडला," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय ही बातमी हा गाडीच्या कॉम्प्युटरला देतो. गरम झाला की याची वाचाच बसते. मग पेट्रोल बंद, ठिणगी बंद. गार झाला की पुन्हा बोलायला लागतो. मघाशी आरपीएमचा काटा कसा गपकन शून्यावर आला, बघितलात ना?"

"म्हणजे क्लचचा काही संबंध नाही?"

"काडीचा नाही. क्लच चुकला असता तर गाडीने आधी गचका दिला असता. ही गुपचूप जाते. कोण चालवायचं?"

"वडील."

"मग ते बोलले असतील की तुम्हाला. गरम झाली की बंद पडते म्हणून."

सर्वेक्षकाने आरसा नीट केला. तो नीटच होता.

"बोलले होते," तो म्हणाला.

एकदा नव्हे, अनेकदा बोलले होते. शेवटी त्याने रीतसर तपासणी केली होती: सकाळी, चहाच्या आधी, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. गाडी लोण्यासारखी चालली. त्याच्या धंद्यात गाड्या नेहमी गारच भेटतात, आणि उभ्या. त्याच दिवशी जेवताना, आईसमोर आणि बायकोसमोर, त्याने निकाल दिला.

"बाबा, गाडीला धाड भरलेली नाही. तुमचा पाय आता साथ देत नाही. क्लच लवकर सुटतो."

आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. बाबांनी वाद घातला नाही. टेबलाखाली वाकून त्यांनी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं.

पुढे पायानेही ते मनावर घेतलं. बाबा जिन्यात कठडा धरू लागले. भरलेला कप उचलण्याआधी क्षणभर थांबू लागले. बाजारात आईच्या पुढे चालणारे, ते मागून यायला लागले. मुलाने वेळेवर ओळखलं, असं सगळे म्हणाले. मुलगाही म्हणाला.

सेन्सर बदलून झाल्यावर त्याने गिऱ्हाइकाला फोन करून नकार कळवला आणि घरी निघाला. 'चूक माझी होती' हे वाक्य वाटभर घोळवून पाहिलं. दुसऱ्यांच्या बाबतीत ते त्याला किती सहज जमायचं.

बाबा गॅलरीत बसले होते.

"विकलीस?"

"नाही. एक सेन्सर गेला होता. गरम झाला की बंद पडायचा." त्याने खिशातून चावी काढली. "गाडीतच होतं, बाबा."

"हं."

आई आतून म्हणाली, "अगं बाई, म्हणजे यांचा पाय..."

त्याने चावी पुढे केली. बाबांनी ती घेतली नाही, पण उठले. जिन्यात त्यांचा हात सवयीने कठड्यावर गेला आणि खालपर्यंत तिथेच राहिला. गाडीपाशी ते ड्रायव्हरच्या दारासमोर उभे राहिले. त्याने घाईघाईने दार उघडून धरलं. बाबांनी आत, क्लचकडे बघितलं. मग सावकाश वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"आधी तू चालव," पट्टा लावता लावता ते म्हणाले. "चांगली लांब ने. गरम झाली की मी घेतो."

त्याने गाडी सुरू केली. तापमानाचा काटा पार तळाशी होता. दोघेही त्याच्याकडे बघत राहिले.