चूलबंद आवतण

"पंचेचाळीस सालं झाली, या गावातला एक उंबरा म्या चुकवला न्हाई," रामहरी पारावर बसून सांगत होता. "साप निघालेल्या घरात आवतण दिलंय. नवरा-बायको एकमेकाच्या झिंज्या धरून व्हते, तितंबी मधी हुबा राहून दिलंय. चुकवून दाखवा म्हणावं."

हे झालं सकाळी आठला. साडेआठला सप्त्याची कमिटी चालवणाऱ्या तात्याबांनी त्याला देवळात बोलावलं आणि सांगितलं, यंदा एक उंबरा चुकवायचा.

रामहरी गावचा आवतण्या. नांदूरघाटच्या अलीकडं दोन कोसांवर हे गाव. चैत्रातला सप्ता संपला की काल्याच्या दिवशी सगळ्या गावाला चूलबंद आवतण. त्या दिवशी कुणी चूल पेटवायची नाही, पोराबाळांसकट, आल्यागेल्या पाहुण्यासकट देवळापुढं पंगतीला यायचं. गॅस आता घरोघर आला होता, पण भाकरी अजून चुलीवरच व्हायची आणि सिलिंडर कोपऱ्यात नव्या नवरीसारखा झाकून ठेवलेला असायचा. म्हणून काल्याच्या दिवशी कुणाच्या कौलातून धूर निघाला की लहान पोरालाही कळायचं, हे घर गावानं टाकलंय.

चुकवायचा उंबरा होता छबुबाईचा. छबुबाई म्हणजे रामहरीची पाठची बहीण, गावातच दिलेली, नवरा वारून दोन वर्षं झालेली.

तिचा गुन्हा असा. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुठलीच टोळी घेत नाही. छबुबाईच्या टोळीचा मुकादम होता तात्याबांचाच पोरगा सोमेश्वर. त्यानंच वडवणीकडून गहिनीनाथ नावाचा बायको मेलेला गडी हुडकून आणला आणि दोन अर्धे जोडून एक पुरा केला. पाच महिने दोघांनी ऊस तोडला. राहायच्या कोप्या दोन होत्या, मधे चार कोप्यांचं अंतर होतं. पण एकदा सोमेश्वरनं विक्रमी भरलेल्या ट्रॉलीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. ट्रॉलीच्या चाकाजवळ, फोटोच्या पार कोपऱ्यात, छबुबाई आणि गहिनीनाथ एकाच फडक्यावरची भाकरी खात होते. गावानं ऊस पाहिलाच नाही. कोपरा मोठा करकरून पाहिला.

टोळी परत आल्यावर तिला देवळात बोलावलं. बेलभंडारा उचल आणि शपथेवर म्हण, गहिनीनाथ मला भावासारखा, म्हणजे मिटलं, असं तात्याबांनी समजावलं. गाव काही वाईट नव्हतं, सोपी वाट काढून देत होतं.

छबुबाई म्हणाली, "भाऊ मला एक हाय, त्यो हितंच बसलाय. दुसरा कशाला करू? गहिनीनाथ माजा जोडीदार व्हता. तुमच्या सोम्यानंच लावला. बेलभंडारा आदी त्यानं उचलावा."

तिथंच बसलेल्या त्या एका भावानं खाली बघून सतरंजीचा दोरा ओढायला सुरुवात केली. उठेपर्यंत त्यानं वीतभर सतरंजी उसवली होती.

यंदा रामहरीचा घसा घरोघर ओरडायला पुरत नाही म्हणून कमिटीनं सुधारणा केली होती. त्याचा आवाज आधीच मोबाइलमध्ये भरून घेतला होता आणि नांदूरघाटच्या साजिदची रिक्षा भोंग्यासकट सांगितली होती. आवतण्याला रिक्षात नुसतं बसायचं होतं. भोंगा म्हणायचा, "चूलबंद आवतण हाय होऽऽ! ल्हान-थोर समद्यांनी या. एकबी उंबरा मागं ऱ्हायचा न्हाई होऽऽ!"

आता भोंग्याला कुठं कळतंय कोण टाकलेलं आहे. तात्याबांनी तोडगा काढला, छबीचं दार आलं की बंद करायचा, पुढं गेलं की चालू.

छबुबाईच्या दारासमोर साजिदनं बटण दाबलं. भोंगा गप झाला. त्याच्याबरोबर रिक्षाही गप झाली. साजिदनं लाथ मारली, वायर चावून पाहिली, अल्लाचं नाव घेतलं.

"चाचा, बंद तर झालं," तो म्हणाला. "आता चालूच हुईना की."

दार अर्धं उघडं होतं. आत कुणीतरी उभं असल्यासारखं रामहरीला वाटलं. तो रिक्षातून दुसऱ्या बाजूनं उतरला आणि तात्याबांना विचारून येतो म्हणून पळाला.

पण छबुबाईच्या घरापुढं अजून अडतीस घरं होती. भोंगा आला, जवळ आला आणि आपल्याला न बोलावताच थांबला, हे अडतीस घरांनी ऐकलं. अकरा वाजेपर्यंत प्रत्येकानं आपापलं कारण हुडकलं. राधाकिशनला वाटलं, माळ घालून आपण चोरून अंडी खातो ते फुटलं. चंद्रभागाबाईंना वाटलं, नात मोबाइलवर नाचते त्याचा बोभाटा झाला. त्या उंबऱ्यात बसून रडल्या. मग सगळ्यांना राग आला, आणि बारा वाजता अडतीस चुली एकदम पेटल्या. तात्याबांनी देवळातून धूर पाहिला आणि गल्लीला आग लागली म्हणून पाण्याचा टँकर पिटाळला. टँकरनं राधाकिशनची चूल भाताच्या पातेल्यासकट विझवली.

त्या सगळ्या गल्लीत एकाच कौलातून धूर नव्हता. छबुबाईच्या.

शेवटी रामहरीला पायी पाठवलं. अडतीस दारांपुढं त्यानं हात जोडले, चूक भोंग्याची आहे म्हणून सांगितलं. येताना बहिणीचं दार लागलंच. रिक्षा अजून तिथंच होती आणि तिच्याखालून साजिदचे पाय दिसत होते. छबुबाई उंबऱ्यात बसली होती. शेजारी घासलेलं ताट आणि तांब्या.

"पानी पी दादा."

टाकलेल्या घरचं पाणी प्यायला की आपणही टाकले जातो. रामहरीच्या तोंडात थुंकी उरली नव्हती, तरी तो तांब्याकडं बघत उभा राहिला. तिनं तांब्या हळूच मागं सारला.

"सकाळपसून चूल पेटिवली न्हाई म्या," ती म्हणाली. "तुजा आवाज आला. म्हणलं, काय झालं तरी दादा मला चुकवणार न्हाई. मग दारात आला अन् मधीच बंद पडला. कावून रं?"

रामहरीनं गल्लीत खाली-वर पाहिलं. साजिदचे पाय सोडले तर कुणी नव्हतं.

"छबू, चूलबंद आवतण हाय," तो पुटपुटला.

"जरा जोरात म्हण की."

"घसा बसलाय."

ती जराशी हसली. "बरं. येते."

तीन वाजता पंगत बसली. छबुबाई बायकांच्या ओळीत शेवटी, चंद्रभागाबाईंच्या शेजारी बसली. वाढप्यानं न बघता तिच्या ताटात बुंदीचा डाव टाकला. सकाळी उंबऱ्यात रडलेल्या चंद्रभागाबाई सगळ्यात आधी उठल्या. मग त्यांच्या शेजारची, मग तिच्या शेजारची, असं करत सगळी ओळ उभी राहिली. बाप्यांच्या ओळीला कशासाठी ते कळलं नव्हतं, पण बायका उठल्या म्हणून तेही उठले.

तात्याबा पुढं आले. "हिला आवतण कुणी दिलं?"

रामहरी पाण्याची कळशी घेऊन चार हातांवर उभा होता. घसा आता चांगला मोकळा झाला होता. नुसतं 'म्या' म्हणायचं होतं. तोंड उघडलं तेही सगळ्यांनी पाहिलं.

छबुबाईनं एकदाच त्याच्याकडं पाहिलं. मग तात्याबांना म्हणाली, "कुणी न्हाई. भोंग्याचं ऐकून आले."

ती उठली. ताटातली बुंदी तिनं पाराच्या कडेला मुंग्यांना घातली, ताट पदरानं पुसलं आणि निघाली. आपण टाकलेल्या बाईला वाट द्यायला अख्खं गाव अदबीनं बाजूला सरलं. मग पंगत परत बसली. रामहरी पाणी वाढत राहिला. तात्याबांच्या तांब्यात ओतताना त्याची नजर वर गेली. खालच्या गल्लीत, एका कौलावर, धुराची एक बारीक रेघ निघाली होती. तांब्या भरला, ताट भरलं, तात्याबांचं धोतर भिजलं, तरी कळशी वाकडीच होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं फडक्यात बुंदी बांधली आणि बहिणीचं घर गाठलं. दाराला कुलूप होतं. पहिल्या एसटीनं वडवणीला, गहिनीनाथाच्या गावाकडं गेली म्हणून शेजारणीनं भिंतीआडून सांगितलं. रामहरी उंबऱ्यावर बसला. थोड्या वेळानं साजिद नवी वायर घेऊन आला. त्यानं ती जोडली. भोंगा एका झटक्यात चालू झाला आणि छबुबाईच्या कुलपाकडं तोंड करून रामहरीच्या आवाजात सांगायला लागला, चूलबंद आवतण हाय, एकबी उंबरा मागं ऱ्हायचा न्हाई. आता बटणच दबेना. बॅटरी उतरायला पाऊण तास लागला.