चौथं नाव

"मला तर सातच दिसतायत, मावशी," प्रोग्रामर तिच्या खुर्चीमागून वाकून म्हणाला. "तुम्हीच मोजा ना."

तिनं स्क्रीनवर मोजली. सात नावं. मघाशी सहाच होती.

"परत चालव बरं."

"तीनदा चालवलं की. डोळे थकले असतील तुमचे. चार वाजता डीबगरचं रिलीज आहे, तुमची तेवढी सही राहिलीय." एवढं बोलून तो चहाला गेला. वाईट असं काहीच बोलला नव्हता बिचारा, पण तिनं बोट लावून पुन्हा मोजली.

एकवीस वर्षं ती डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन, तपासत होती. चालता प्रोग्राम मध्येच थांबवायचा आणि डीबगरला विचारायचं, हा इथवर आला कसा? मग तो नावांची साखळी दाखवतो: याला त्यानं बोलावलं, त्याला आणखी कोणी, असं पार सुरुवातीपर्यंत. नवरा म्हणायचा, "म्हणजे चोर पकडून 'तुला कोणी पाठवलं' विचारायचं, एवढंच ना!" एवढंच. फक्त ते दहा तऱ्हांनी विचारायचं. साखळी एकदम मागायची, मग तुकड्यातुकड्यांनी मागायची, आणि उत्तर दर वेळी तेच यायला हवं. ती मागे लागली की सुटका नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

आज मात्र शंका तिची तिलाच येत होती.

थोरली बहीण छप्पन्नाव्या वर्षी स्वतःच्याच घराची बेल वाजवून "इथं कोण राहतं?" असं विचारायला लागली होती. ही आता पंचावन्नची. सकाळीच ती कपाट उघडून उभी राहिली होती आणि कशासाठी ते आठवेना. मग तिनं कामावरची रीत वापरली. इथं कुठून आले? स्वयंपाकघरातून. तिथं काय करत होते? दुधाची पिशवी हातात होती. कात्री! कात्री घेऊन ती इतकी खुशीत परतली की नवरा बघतच राहिला. त्याला तिनं काही सांगितलं नाही.

चूक यंत्राचीच निघू दे, असं तिनं मनोमन म्हटलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. साखळी एकदम मागितली, मग दोन तुकड्यांत मागितली. सात. सात. सात. तीस वेळा झालं, चाळीस वेळा झालं. मग वैतागून तिनं पहिला तुकडा यायच्या आतच दुसरा मागितला.

सहा.

चौथं नाव गायब होतं, बरोबर दोन तुकड्यांच्या जोडावरचं. तिनं पुन्हा तशीच घाई केली. पुन्हा सहाच.

"अरे, ये इकडे लवकर!"

प्रोग्रामर कप हातात घेऊनच आला. बघितलं, आणि कप ठेवायला जागा शोधायला लागला. "च्यायला! खरंच की. मावशी, हे असंच गेलं असतं तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. रिलीज थांबवतो."

"माझे डोळे थकलेत म्हणे."

"कान पकडतो, बास?"

तिचा जीव भांड्यात पडला. मोठ्यांदा हसली ती. सकाळपासून तसाच पडलेला डबा तिनं तिथंच उघडून संपवला. मग रीतसर नोंद करायची म्हणून पर्समधली वही काढली. हिरव्या शाईनं, सगळं आधी वहीत लिहायचं, ही तिची जुनी सवय.

कोरं पान शोधताना मागचं पान दिसलं.

'मंगळवार. सातऐवजी सहा नावं. चौथं गळतं. दुसरा तुकडा घाईनं मागितला की होतं. उद्या प्रोग्रामरला सांगणे.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

अक्षर तिचंच होतं. शाई हिरवी होती. आज गुरुवार होता.

तिनं मंगळवार आठवायचा प्रयत्न केला. सकाळची बस आठवली. संध्याकाळी नवऱ्यानं छत्री हरवली, ते आठवलं. मधे या खुर्चीवर बसून तिनं हे शोधून काढलं होतं, लिहिलं होतं, रेघा ओढल्या होत्या. त्यातलं काही म्हणजे काही आठवेना.

"झाली का नोंद?" प्रोग्रामरनं पलीकडून विचारलं.

"करते."

कॉम्प्युटरवरच्या नोंदीत 'प्रथम कधी आढळलं' असा रकाना होता. गुरुवार लिहिलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? मग तिनं मंगळवार लिहिलं.

"मंगळवार?" तो स्क्रीनवर वाचत म्हणाला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"विसरले."

"होतं हो असं!" तो हसला आणि कामाला लागला.

तिनं वही पुढे ओढली आणि हिरव्या शाईनं सावकाश लिहिलं: 'गुरुवार. प्रोग्रामरला सांगितलं. घरी गेल्यावर यांना सांगणे.' खाली दोन रेघा ओढल्या. मग वही पर्समध्ये न ठेवता तिनं ती हातातच धरली.