सदर बाईविरुद्ध तक्रार

टीनेके स्नीथ ही बाई फेनथॉर्प गावात एकेचाळीस वर्षं राहते आहे, हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. सरकारला मात्र ते कागदावर हवं होतं, आणि तेही तीस जूनच्या आत. जून लागून नऊ दिवस झाले होते.

हेल्पलाइनवरची मुलगी मोठी गोड होती. "गेल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक वर्षाचं काहीतरी पाठवा, मॅडम. तुमचं नाव आणि हा पत्ता एकत्र असलेलं. विजेचं बिल, बँकेचं पत्र, पगाराची चिठ्ठी, काहीही चालेल."

टीनेकेकडे त्यातलं काहीही नव्हतं. वीज, पाणी, फोन, घरपट्टी, सगळं क्लाइव स्नीथच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावावर. बाविसाव्या वर्षी ती हॉलंडहून एका हंगामापुरती ट्यूलिप तोडायला आली आणि मालकाच्या मुलाशी लग्न करून बसली. पुढची तीस वर्षं सासऱ्याच्या शेतात राबली, पण घरच्या सुनेला पगाराची चिठ्ठी कोण देतं? दोन्ही देश एकाच युरोपीय संघात होते, त्यामुळे तू कुठली असंही कधी कुणी विचारलं नाही. आता हा देश संघातून बाहेर पडला होता. मोटार तिनं चालवली नाही, सायकल चालवली. डॉक्टरकडे जाऊन दहा वर्षं झाली होती. तब्येत ठणठणीत ठेवल्याचा तिला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

"आणि नाही मिळाले कागद, तर?"

"तर एक जुलैपासून तुम्ही इथे परवानगीशिवाय राहताय असं धरलं जाईल," मुलगी त्याच गोडव्यानं म्हणाली.

क्लाइव खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसला होता. शेत विकल्यापासून त्याचा मुक्काम तिथेच असे.

"काय म्हणाली ती?"

"पहिल्या तारखेपासून मी या स्वयंपाकघरात बेकायदा उभी असेन."

"काहीतरीच! अगं टीन, ते तुझ्यासाठी नव्हतंच मुळी. ते त्या दुसऱ्यांसाठी होतं."

"कुठल्या दुसऱ्यांसाठी?"

"ते गं, आपल्या इथल्या बॉस्टनकडे येतात ते. कोबी तोडायला."

"मी ट्यूलिप तोडायला आले होते."

"तुझी गोष्ट वेगळी," क्लाइव म्हणाला आणि भरून मिळावा म्हणून त्यानं चहाचा मग पुढे केला.

तिनं तो भरला नाही. पाच वर्षांपूर्वी याच माणसानं बागेत 'बाहेर पडा' अशी पाटी ठोकली होती, ती नेमकी तिच्या कांद्यांच्या पॉलिहाऊससमोर. मतदान होईपर्यंत ती त्या पाटीभोवतीचं तण उपटत राहिली. तिला स्वतःला मत नव्हतं. ज्याला होतं त्यानं टाय लावून जाऊन दिलं आणि येताना तळलेला मासा घेऊन आला, तिच्यासाठीही. आपण किती मूर्ख, तो मासा आपण खाल्लासुद्धा, असं तिला आता वाटलं.

तीन दिवस तिनं घर उलथंपालथं केलं. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि तिचं पूर्ण नाव कुठे म्हणून नाही. नाताळच्या कार्डांवर 'क्लाइव आणि टीन'. दुकानांच्या पावत्यांवर 'मिस्टर स्नीथ'. चौथ्या दिवशी जिन्याखालच्या कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला, आणि तो उघडून ती जमिनीवर फतकल मारून हसली.

डब्यात पॉलिन होती.

पॉलिन ब्रॅकनबरी म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. गावात ऑगस्टमध्ये भाजीफुलांचं प्रदर्शन भरतं. त्यात तीन एकसारखे कांदे मांडायचे, ज्याचे सगळ्यात मोठे आणि देखणे त्याला कप. हा कप टीनेकेनं ओळीनं अकरा वर्षं नेला होता आणि अकराही वर्षं दुसरी आली होती पॉलिन. या गोष्टीचा पॉलिननं रीतसर सूड घेतला होता, म्हणजे तक्रारी करून. तिची प्रत्येक तक्रार ग्रामपंचायतीकडे जाई, आणि पंचायतीची चिटणीस त्यावर शिक्का मारून, सोबत आपलं पत्र जोडून, नक्कल धाडत असे: श्रीमती टीनेके स्नीथ, चार, ड्रोव्ह लेन, फेनथॉर्प.

दोन हजार सोळा: सदर बाईचा कोंबडा पहाटे आरवतो. सतरा: सदर बाईनं कुंपण एक वीत जास्त छाटलं. अठरा: सदर बाई प्रदर्शनाचे कांदे दुधानं पुसते, असा दाट संशय आहे. एकोणीसच्या तर दोन होत्या. सगळ्यांवर तारीख, शिक्का, पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. ज्यांनी तिच्यावर प्रेम केलं, त्यांना ते लिहून ठेवायची कधी गरज वाटली नव्हती. तिचा दुस्वास करणारीनं मात्र एक वर्ष चुकवलं नव्हतं.

पण विसावं साल कोरं होतं. त्या वर्षी महामारी आली, प्रदर्शन रद्द झालं, पंचायतीच्या दाराला कुलूप लागलं. नेमका एका वर्षाचा कागद कमी पडत होता.

मग टीनेकेनं ठरवलं, की एक तरी तक्रार ओढवून घ्यायची. मागचं कोरं वर्ष त्यानं भरणार नव्हतं, हे तिला कळत होतं. पण पॉलिन एकदा लिहायला बसली की मागचं सगळं उकरून काढते, ही इतक्या वर्षांची खात्री होती. सोमवार पॉलिनचा धुण्याचा. पांढऱ्या चादरी दोरीवर चढल्याबरोबर टीनेकेनं ओला पालापाचोळा पेटवला. धूर सरळ चादरींत शिरला. पॉलिन बाहेर आली, मुकाट्यानं चादरी काढल्या आणि आत गेली. मंगळवारी टीनेकेनं रेडिओ कुंपणावर ठेवून मोठ्यानं लावला. बुधवारी पॉलिनच्या बाजूनं वाढलेली गुलाबाची फांदी, तिच्या डोळ्यांदेखत, कात्रीनं कापली. काही नाही. गुरुवारी पोस्टमन आला तो क्लाइवचं विजेचं बिल घेऊन.

शुक्रवारी टीनेके कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"पॉलिन! तक्रार का करत नाहीस?"

पॉलिन कांद्यांना पाणी घालत होती. तिनं झारी खाली ठेवली नाही. "कशाला करू? तू चाललीयेस म्हणे. क्लाइवच सांगत होता दुकानात, कागद मिळत नाहीत म्हणून. आपसूक जातेय ती पीडा, उगाच शाई कशाला घालवू?"

"मला विसाव्या सालची तक्रार हवीय. मी इथे होते असं लिहिलेली."

पॉलिननं आता झारी ठेवली. "पुन्हा बोल. नीट ऐकू दे."

"हवीय म्हटलं."

"वा! जन्मभर कचऱ्यात टाकल्यास, आता मागायला आलीस?"

"एकही टाकली नाही. डब्यात आहेत सगळ्या."

हे पॉलिनला अपेक्षित नसावं. ती दुप्पट त्वेषानं म्हणाली, "हे बघ, मी तू जावीस म्हणूनच मत दिलं. तुझ्या नवऱ्यासारखं नाही माझं, की मतही द्यायचं आणि वर म्हणायचं, हे काय तुझ्यासाठी नव्हतं. तुझ्यासाठीच होतं माझं. तुझ्या कोंबड्यासाठी, तुझ्या कांद्यांसाठी. आता जा."

टीनेकेच्या कानशिलात कुणीतरी भडकावल्यासारखं झालं. चीड आली, आणि चिडीपेक्षा जास्त भीती वाटली, कारण बाई खरं बोलत होती. जायचं तरी कुठे? वडिलांचं घर विकून वीस वर्षं झाली होती. बहीण मीप होती, तीही आता नव्हती. आणि पॉलिहाऊसमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी पेरलेल्या बियांचे कांदे मुठीएवढे झाले होते.

ती वळली, चार पावलं गेली, आणि परत आली.

"बरं. जाते. ऑगस्टमध्ये कप घे तू. पण लोक काय म्हणतील ऐकून ठेव. म्हणतील, पॉलिनला अकरा वर्षं कांदा जमला नाही, शेवटी सरकारनं पिकवून दिला."

"तोंड सांभाळ!"

"म्हणतील, डच बाई इथे असती तर पॉलिन दुसरीच आली असती. मरेपर्यंत म्हणतील. तुझ्या दफनाच्या दिवशी चहा पिता पिता म्हणतील."

पॉलिनचा चेहरा बिटासारखा झाला. तिनं झारी उचलली आणि उरलेलं पाणी कुंपणावरून टीनेकेच्या बुटांवर ओतलं.

चार दिवसांनी पंचायतीचं पाकीट आलं. जाडजूड. चिटणीसबाईनं शिक्का मारला होता आणि सोबतच्या पत्रात, हे सगळं वाचायला लागल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली होती. आत चार पानं होती, दोन्ही बाजूंनी भरलेली. मथळा: 'सन २०२०मधील तक्रारी, ज्या कार्यालय बंद असल्यामुळे वेळीच नोंदवता आल्या नाहीत.' बाईनं वहीत रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं.

टीनेकेनं ते वाचलं नाही. क्लाइवला तिनं गाडी काढायला लावली आणि दोघं गावच्या लायब्ररीत गेली, तिथल्या यंत्रावर डब्यातले सगळे कागद एकेक करून पाठवायला. पाठवून झाल्यावर, गाडीत बसून, क्लाइवनं चष्मा लावला आणि ती चार पानं मोठ्यानं वाचायला घेतली. त्याला मजा वाटत होती.

"एक मार्च. सदर बाईनं रविवारी, चर्चच्या वेळेला, कुंपण छाटलं. हा हा! सव्वीस मार्च. नर्सांसाठी टाळ्या वाजवायच्या ठरल्या असता, सदर बाईनं पातेलं बडवलं, आणि सगळे थांबल्यावरही दोन मिनिटं बडवत राहिली. हे तू केलंस खरं!"

"केलं."

"अकरा एप्रिल. सदर बाई दुपारी तीन ते चार आपल्या पॉलिहाऊसमध्ये बसून मोठमोठ्यानं रडली. माझी झोपेची वेळ होती. मध्ये एकदा ती थांबली असं वाटलं, पण थांबली नव्हती." क्लाइव वाचता वाचता अडखळला. "म्हातारी काहीही लिहिते. तू कधी रडलीस?"

"अकरा एप्रिलला. तीन ते चार."

"का?"

"मीप गेली त्या दिवशी. फोनवर कळलं. विमानं बंद होती."

"ते माहितेय गं मला, मीपचं. पण तू मला म्हणालीस, ठीक आहे म्हणून. मी कुठे होतो?"

"घरात. मॅच बघत होतास. जुनी, परत दाखवत होते ती."

क्लाइवची मजा गेली होती. तरी हातात पानं होती म्हणून तो पुढे वाचत राहिला, मे, जून, ऑक्टोबरची पानं जाळणं, नाताळच्या दुसऱ्या दिवशी बी पेरताना गुणगुणणं, ते थेट शेवटच्या ओळीपर्यंत: "सदर बाई संपूर्ण वर्षात एक दिवसही गाव सोडून गेली नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे. सही, पॉलिन ब्रॅकनबरी."

टीनेके खिडकीबाहेर बघत रडली, आणि यावेळीही आवाज करून रडली. क्लाइवनं गाडी सुरू केली.

मंजुरी अठ्ठावीस तारखेला आली. एक ईमेल, तिच्या एकटीच्या नावावर.

"बघ!" क्लाइव म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि जीव भांड्यात पडला की त्याला शहाणपण सुचत असे. "तरी मी सांगत होतो. हे तुझ्यासाठी नव्हतंच."

टीनेकेनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस तिला पहिल्यांदाच नुसता नावडला, बाकी काही मिसळलेलं नसताना. ती फोनकडे गेली, वीजकंपनीचा नंबर लावला आणि बिल आपल्या नावावर करायला सांगितलं. मग पाणी. मग घरपट्टी. कंपन्यांना नवऱ्याचा होकार हवा होता. दर वेळी तिनं फोन त्याच्या तोंडाशी धरला आणि दर वेळी तो 'हो' म्हणाला, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

ऑगस्टमध्ये टीनेके पहिली आली आणि पॉलिन दुसरी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. सोमवारी पंचायतीचं पाकीट आलं: सदर बाईच्या कांद्यांचा घेर मोजताना फीत सैल धरली गेली. टीनेकेनं ते नीट घडी करून डब्यात ठेवलं.

"अजून कशाला जपतेस?" क्लाइव खुर्चीतून म्हणाला. "झालं ना तुझं काम."

"माझं झालं."

"मग?" तो हसायला गेला. "आता घरात माझ्या नावावर काहीच उरलं नाही म्हणा. उद्या त्यांनी मलाच विचारलं, तू इथे राहतोस कशावरून, तर मी काय दाखवू?"

"पॉलिनला विचार," टीनेके म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं. "चार पानं भरून वर्ष लिहिलंय तिनं. मी परत दोनदा वाचली. त्यात तू कुठेच नाहीस."