दातांनी ऐकलेला टॅपेट

मेस्त्रीला सगळे कानसेन म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. गाडी अजून कोपऱ्यावर वळत असायची, तोवर हा चिंधीनं बोटं पुसत सांगून मोकळा: क्लचप्लेट गेलीय, चेन सैल आहे, नाहीतर मालकालाच गिअर टाकता येत नाही. बहुतेक वेळा ते खरं निघायचं. नाही निघालं तर त्याचा कुणी बोभाटा करत नसे, कारण गाडी शेवटी नीट होऊनच जायची.

टॅपेट तर तो निव्वळ कानावर लावायचा. इंजिनच्या माथ्यावर रॉकर नावाचा लहानसा लोखंडी हात असतो. तो व्हॉल्व्हला दाबतो आणि सोडतो. दोघांमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, आणि ती जुळवणं म्हणजेच टॅपेट लावणं. फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टकटक सुरू होते. बाकीचे मेस्त्री इंजिन थंड करून त्या फटीत फीलर गेजचं पातळ पोलादी पान सरकवून बघत. कानसेन इंजिन चालू ठेवायचा, तेलाचे शिंतोडे तोंडावर घेत स्क्रू आवळत जायचा, टकटक थांबली की किंचित ढील द्यायचा आणि झाकण लावून टाकायचा. फीलर गेज म्हणजे बहिऱ्यांची सोय, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

भिंतीपलीकडे त्याच्या धाकट्या बहिणीचं लेथचं दुकान होतं. लहानपणी काटकुळी होती म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. आता ती उभी राहिली की दार भरून जायचं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. व्हॉल्व्ह घट्ट टेकतात त्या सीटा कापणं, झिजलेल्या रॉकरवर धातूची भर घालून तो पुन्हा घासून आकाराला आणणं, ही तिची कामं. दोन्ही दुकानांमधल्या भिंतीत एक चौकोनी झरोका होता. इकडून झिजलेले भाग जायचे, तिकडून नवे होऊन यायचे, आणि चहाचे कपही त्याच वाटेनं फिरायचे. सध्या त्या झरोक्यावर पलीकडून पत्रा ठोकलेला होता.

त्याला कारण नर्सबाईंची मोटरसायकल. नर्सबाई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना इंजेक्शनं द्यायच्या, मलमपट्ट्या करायच्या. त्यांचं इंजिन कानसेननं पार सुटं करून नव्यानं बांधून दिलं होतं. थोड्याच दिवसांत बाई परत आल्या आणि म्हणाल्या, टकटक येते. कानसेननं मान तिरकी करून कान दिला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. नवं इंजिन आहे, बसेल आपोआप, असं सांगून त्यानं त्यांची बोळवण केली. बाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, आता गाडी गल्लीत शिरली की पेशंट आपणहून बाही वर करून बसतात.

तेव्हा त्यानं झाकण उघडलं, तर रॉकरचं टोक खड्डे पडून झिजलेलं. तो रॉकर चिमणीनंच भर घालून दिलेला होता. कानसेनला चोर सापडला. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं उभी होती, नर्सबाई होत्या, आणि त्या सगळ्यांच्या देखत तो झरोक्यातून म्हणाला, "चिमे, पोलाद मऊ ठेवलंस. हात गेला बघ तुझा आता."

एरवी चिमणीनं त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. त्या दिवशी तिनं रॉकर घेतला, उजेडाला धरून पाहिला आणि काही न बोलता आपल्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी झरोक्यावर पत्रा आला. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, पण तो अडून बसला. चूक तिची, मग पत्रा तिनंच काढावा. त्यानं बाजारातून तयार रॉकर आणून बसवला आणि नर्सबाईंना गाडी दिली.

टकटक पुन्हा सुरू झाली म्हणून आज बाई तिसऱ्यांदा येणार होत्या. त्यात सकाळी बायकोनं काहीतरी सांगितलं. तो नुसतंच हो हो म्हणाला, तेव्हा ती त्याच्या पुढ्यात येऊन पुन्हा बोलली: चिमणी लेथ विकतेय. घेणारा आज दुपारी मशीन बघायला येणार आहे. आपल्या हातून आता बारीक काम होत नाही, असं तिनं सगळ्यांना सांगितलंय.

"मशीन तिचं आहे, विकू दे," तो म्हणाला. पण ताट तसंच ठेवून तो उठला.

नर्सबाई बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आणि त्यानं इंजिन उघडायला घेतलं. पुशरॉड काचेवर घरंगळवून पाहिले, दोन्ही सरळ. कॅमच्या उंचवट्यांवरून नख फिरवलं, कुठे अडलं नाही. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या, उंची सारखी. व्हॉल्व्ह गाइडमध्ये हलवून पाहिला, जराही खेळत नव्हता. मग इंजिनचं हेड तिरकं धरून व्हॉल्व्हमागच्या पोकळीत पेट्रोल ओतलं आणि सीट गळते का पाहत थांबला. एक थेंब बाहेर आला नाही. ती सीट चिमणीनं कापलेली होती.

शेवटी त्यानं बाजारातला नवा रॉकर पुसून पाहिला. त्याच्याही टोकावर, अगदी त्याच जागी, खडबडीत चट्टा पडायला लागला होता. हे पोलाद चिमणीचं नव्हतं. आता खापर फोडायला कुणी उरलं नव्हतं आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही.

त्यानं सगळं पुन्हा जोडलं, इंजिन सुरू केलं आणि नेहमीसारखे टॅपेट लावले. फार आवळावंच लागलं नाही, पहिल्यापासूनच शांत होतं. नर्सबाईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "मेस्त्री, हे काय, येतंय की," त्या म्हणाल्या. झाकणाखालून तेल तर झिरपत नाही ना, हे पाहायला तो खाली वाकला. एक हात ॲक्सिलरेटरवर, दुसऱ्यात चिंधी, म्हणून स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यानं दातांत धरली होती. वाकताना स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या माथ्याला टेकलं.

टक टक टक टक.

आवाज थेट त्याच्या कवटीत वाजला. तो दचकून मागे झाला. आवाज बंद. त्यानं टोक पुन्हा टेकवलं. टक टक टक. बाजूला घेतलं, काही नाही. तीच गाडी, तेच इंजिन. दातांना ऐकू येत होतं आणि कानांना येत नव्हतं. त्यानं इंजिन बंद केलं.

इंजिन थंड व्हायला वेळ लागला. तोवर तो ड्रॉवर उपसत राहिला. तळाशी फीलर गेज होतं, अजून तेलकट कागदात गुंडाळलेलं. गॅरेज उघडलं तेव्हा चिमणीनंच दिलं होतं. त्यानं योग्य जाडीचं पान फटीत घातलं, ते सैल. त्यावर आणखी एक घातलं, तरी सैल. तिसरं घातलं तेव्हा कुठे फट भरली. त्यानं एका पानावर टॅपेट लावले, इंजिन सुरू केलं आणि स्क्रूड्रायव्हर दातांत धरला. टकटक गेली होती. नर्सबाई बाकावरून उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, आता कसं गोड चालतंय.

मग त्याला सगळं उमगलं. टकटक थांबेपर्यंत आवळायचं, हा त्याचा नियम. ज्याला टकटक ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी ती आधीच थांबलेली असते. दर वेळी फट मोठीच राहिली आणि त्या फटीतून आपटून आपटून चिमणीचा रॉकर झिजला. पोलाद मऊ नव्हतं. बायको हल्ली प्रत्येक गोष्ट पुढ्यात येऊन का सांगते, तेही आता त्याला कळलं.

गाडी नीट झाली होती. तो गप्प राहिला असता तर कुणाला कळायची सोय नव्हती. कानसेन हे नाव शाबूत राहिलं असतं. खरं सांगायचं तर, हा विचार त्याच्या मनात चांगला ठाण मांडून बसला. तेवढ्यात नर्सबाईंनी बाहेर बोट दाखवलं. चिमणीच्या दारात टेम्पो उभा होता.

तो गेज हातात घेऊन तसाच निघाला. नर्सबाईंना म्हणाला, "बाई, तुम्हीही चला. मी चिमणीला बोललो तेव्हा तुम्ही होतात, आताही असायला हव्यात."

चिमणी लेथला पाठ टेकून उभी होती. घेणारा मशीनच्या पायांना टेप लावत होता. टेबलावर तो झिजलेला रॉकर अजून होता, आणि त्याच्या शेजारी तिनं कानशीनं घासून पाहिलेले पोलादाचे तुकडे. आपलं कुठे चुकलं ते ती शोधत बसली होती. कानसेनची मान खाली गेली.

"चिमे," तो म्हणाला, "तुझ्या हाताला काही झालेलं नाही. माझे कान गेलेत. टॅपेट मी सैल ठेवत होतो, मला टकटक ऐकूच येत नव्हती. रॉकर मी झिजवला." आणि मग घेणाऱ्याकडे वळून, "हिच्यासारखी सीट कापणारं तुम्हाला कुणी मिळायचं नाही. आत्ताच पेट्रोल ओतून बघितलंय."

नर्सबाईंनी मान डोलावली. चिमणीनं त्याच्या हातातलं गेज घेतलं, पानं उघडून पाहिली, पुन्हा मिटली. मग घेणाऱ्याला तिनं मशीन विकायचं नाही म्हणून सांगितलं. त्यानं कुरकुरत टेप गुंडाळली आणि टेम्पो घेऊन गेला. ती पाठमोरी झाली, टेबलावरचे पोलादाचे तुकडे गोळा करायला लागली आणि तशीच काहीतरी बोलली. कानसेनला तिचे खांदे हललेले तेवढे दिसले. नर्सबाईंची नजर मात्र जमिनीकडे गेली होती, म्हणजे बोलणं साधं नव्हतं. एरवी तो हो हो म्हणून मोकळा झाला असता.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. "मला नाही ऐकू आलं."

ती वळली. त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"म्हटलं, इतके दिवस मी साधा चहाचा कप उचलतानाही हाताकडे बघत होते, दादा. कापतोय का म्हणून."

हे त्याला पुरतं ऐकू आलं होतं.